यानाचं नाव कोणी ठेवायचं?

२००३ साली नासाचे दोन जुळे रोव्हर मंगळाकडे निघायच्या तयारीत होते. कागदोपत्री त्यांच्या मोहिमांची नावं होती ‘मेर-ए’ आणि ‘मेर-बी’ (मेर म्हणजे ‘मार्स एक्स्प्लोरेशन रोव्हर’). ए आधी उडणार, बी मागाहून. पण बांधणीच्या वेळी याच रोव्हरना ‘मेर-१’ आणि ‘मेर-२’ असे क्रमांक दिलेले होते आणि प्रत्यक्षात आधी उडाला तो मेर-२. म्हणजे ए म्हणजे २ आणि बी म्हणजे १! एकसारखी दिसणारी दोन यंत्रं आणि त्यांची अशी उलटसुलट नावं. पहिल्या उड्डाणाला दोन दिवस उरलेले असताना, ८ जून २००३ रोजी, त्यांची खरी नावं जाहीर झाली : स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी. पुढे जगाच्या तोंडी हीच नावं राहिली.

तसं पाहिलं तर यानाला स्वतःला नावाची गरज नसते. त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओ संदेशात त्याचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे संगणकाचा घोटाळा होत नाही. अवकाशात गेलेल्या प्रत्येक वस्तूला एक आंतरराष्ट्रीय क्रमांकही मिळतो. आपल्या ‘आर्यभट’ उपग्रहाचा क्रमांक आहे १९७५-०३३ए, म्हणजे १९७५ सालच्या तेहतिसाव्या उड्डाणातली पहिली वस्तू. हिशेबाला एवढं पुरतं. नाव लागतं ते माणसांना, आणि कधीकधी त्यावर जीव अवलंबून असतो.

‘अपोलो-९’ची गोष्ट घ्या. त्याआधी नासाने यानांना नावं देणं बंदच केलं होतं. त्याला कारण झाले अंतराळवीर गस ग्रिसम. १९६१मध्ये त्यांचं ‘लिबर्टी बेल-७’ हे यान समुद्रात उतरलं, दरवाजा वेळेआधीच उडाला आणि यान बुडालं. ग्रिसम कसेबसे वाचले. १९६५मध्ये ‘जेमिनी-३’वर जाताना त्यांनी यानाला नाव दिलं ‘मॉली ब्राउन’. टायटॅनिक बुडाली तेव्हा वाचलेली आणि ‘न बुडणारी’ म्हणून प्रसिद्ध झालेली ही बाई. वरिष्ठांना ते रुचलं नाही. दुसरं नाव सुचवा म्हटल्यावर उत्तर आलं, “मग टायटॅनिक ठेवू!” मॉली ब्राउन कायम राहिलं, पण त्यानंतर जेमिनीच्या यानांना नुसते क्रमांक मिळू लागले.

मार्च १९६९मध्ये मात्र क्रमांकावर भागेना. अपोलो-९ ही पृथ्वीभोवतीच घेतलेली चाचणी होती आणि तिच्यात एकाच मोहिमेची दोन यानं माणसांसह एकमेकांपासून सुटी होणार होती. एकात डेव्हिड स्कॉट एकटे. दुसऱ्यात, म्हणजे चंद्रावर उतरण्यासाठी बनवलेल्या यानात, जेम्स मॅकडिव्हिट आणि रस्टी श्वाइकार्ट. या दुसऱ्या यानाला उष्णतारोधक कवच नव्हतं, कारण ते पृथ्वीच्या वातावरणात परतण्यासाठी बनलेलंच नव्हतं. परत जोडणी झाली नाही तर त्या दोघांना घरी यायला वाट नव्हती. दोन्ही यानं एकमेकांपासून सुमारे १८० किलोमीटरपर्यंत लांब गेली. अशा वेळी जमिनीवरून ‘अपोलो-९’ अशी हाक मारली तर ओ कोणी द्यायची? खरखरीतून ऐकू आलेली सूचना कोणासाठी आहे, हे क्षणात कळायला हवं. म्हणून अंतराळवीरांनी नावं ठेवली : मुख्य यान ‘गमड्रॉप’ आणि चांद्रयान ‘स्पायडर’. मुख्य यान कारखान्यातून निळ्या वेष्टणात गुंडाळून आलं होतं, ते गमड्रॉप नावाच्या गोळीसारखं दिसत होतं. चांद्रयानाला चार लांब पाय होते, म्हणून ते कोळी. उच्चार पाहा, एकाची दुसऱ्याशी गल्लत होणं शक्य नाही. मला ही दोन्ही नावं फार आवडतात, कारण ती कामाच्या गरजेतून आणि यंत्राकडे नीट पाहून आलेली आहेत.

पुढच्याच मोहिमेत कार्टूनमधली ‘चार्ली ब्राउन’ आणि ‘स्नूपी’ ही नावं आली. तेव्हा नासाच्या जनसंपर्क विभागाने अपोलो-११साठी जरा भारदस्त नावं असावीत, असा आग्रह धरला. त्यातून ‘कोलंबिया’ आणि ‘ईगल’ ठरली. एक बारीक तपशील सांगायला हवा. ईगल चंद्रावर टेकल्यावर नील आर्मस्ट्राँग यांनी पृथ्वीला हाक मारताना स्वतःची ओळख दिली ती ‘ट्रँक्विलिटी बेस’ या नावाने. उडणारं यान आता तळ झालं होतं, म्हणून रेडिओवरचं नाव तिथल्या तिथे बदललं. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात बसलेल्या चार्ली ड्यूक यांची जीभ तो शब्द उच्चारताना अडखळली. ध्वनिमुद्रणात ते आजही ऐकू येतं.

जो बसणार त्याने नाव ठेवायचं, ही रीत आजही टिकून आहे. स्पेसएक्सच्या ड्रॅगन कुपीचं नाव तिच्यातून पहिल्यांदा जाणारे अंतराळवीर ठरवतात. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला ज्या नव्याकोऱ्या कुपीतून गेले, तिचं नाव ‘ग्रेस’ असल्याचं कक्षेत पोहोचल्यावर कमांडर पेगी व्हिटसन यांनी जगाला सांगितलं. बोइंगच्या स्टारलायनरचं नाव ठेवलं सुनीता विल्यम्स यांनी. २२ डिसेंबर २०१९ रोजी माणसांशिवायच्या चाचणीनंतर ती कुपी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात उतरली. यानाचं घड्याळ चुकल्यामुळे अवकाशस्थानकापर्यंत ती पोहोचूच शकली नव्हती. अशा अर्धवट यशाच्या दिवशी सुनीतांनी तिला ‘कॅलिप्सो’ हे नाव दिलं. फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कूस्तो यांचं जहाज याच नावाचं होतं, आणि सुनीता स्वतः नौदलातल्या, पाणबुड्याचं शिक्षण घेतलेल्या. २०२४च्या जूनमध्ये त्या याच कॅलिप्सोतून बुच विल्मोर यांच्याबरोबर गेल्या. हेलियमची गळती आणि थ्रस्टरचे, म्हणजे यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनांचे, बिघाड यांमुळे कॅलिप्सो सप्टेंबरमध्ये रिकामी परत आणली गेली. सुनीता मार्च २०२५मध्ये परतल्या त्या ‘फ्रीडम’ नावाच्या ड्रॅगनमधून. हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात होतं १९६१ सालचं ‘फ्रीडम-७’, म्हणजे पहिल्या अमेरिकी अंतराळवीराचं यान.

नाव कधी ठेवायचं, हाही प्रश्नच आहे. जपानच्या अवकाशशास्त्रज्ञांनी याचं स्वतःचं उत्तर काढलं. यान सुखरूप अवकाशात पोहोचेपर्यंत त्याला फक्त सांकेतिक नाव, बारसं नंतर. लघुग्रहावरची माती आणणारं ‘हायाबुसा’ २००३च्या मे महिन्यात उडेपर्यंत ‘म्यूझेस-सी’ होतं. या रीतीतला चटका ‘ॲस्ट्रो-ई’च्या गोष्टीत आहे. क्ष-किरणांचा वेध घेणारी ही दुर्बीण २०००च्या फेब्रुवारीत प्रक्षेपक बिघडल्यामुळे कक्षेत पोहोचलीच नाही. वैज्ञानिकांनी ती पुन्हा बांधली. २००५च्या जुलैमध्ये ‘ॲस्ट्रो-ई२’ कक्षेत स्थिरावली आणि तिचं नाव झालं ‘सुझाकू’. पहिली मात्र कायमची ‘ॲस्ट्रो-ई’च राहिली. अलीकडे जपानमध्येही ही प्रथा सैल झाली आहे. ‘हायाबुसा-२’ नाव घेऊनच उडालं.

मग लोकांना विचारावं का? विचारावं, पण कसं विचारता त्यावर सगळं अवलंबून आहे. १९७६मध्ये अमेरिकेच्या पहिल्या शटलचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरत होतं. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि ते ‘एंटरप्राइझ’ झालं. हे शटल वातावरणातल्या चाचण्यांपुरतंच होतं, अवकाशात ते कधी गेलंच नाही. २००९मध्ये अवकाशस्थानकाच्या एका नव्या भागासाठी नासाने ऑनलाइन मतदान घेतलं, तर विनोदी कार्यक्रम करणाऱ्या स्टीव्हन कोलबेर यांनी प्रेक्षकांना आपल्याच नावाला मतं द्यायला सांगितलं आणि ते पहिले आले! अंतिम निर्णयाचा हक्क नासाने राखून ठेवला होता. त्या भागाला ‘ट्रँक्विलिटी’ नाव मिळालं आणि कोलबेर यांचं नाव गेलं धावण्याच्या व्यायामयंत्राला. हा निर्णय त्यांच्याच कार्यक्रमात जाऊन सांगितला सुनीता विल्यम्स यांनी.

नुसत्या मतदानात जो मोठ्याने ओरडतो तो जिंकतो. माझ्या मते याहून फार चांगली पद्धत नासाने मंगळावरच्या रोव्हरसाठी वापरली. मुलांना नाव सुचवायला सांगायचं आणि ते का, हे निबंधात लिहायला लावायचं. १९९७मध्ये मंगळावर फिरलेल्या पहिल्या रोव्हरचं ‘सोजर्नर’ हे नाव एका बारा वर्षांच्या मुलीने सुचवलं. गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी गावोगाव फिरलेल्या सोजर्नर ट्रुथ या कृष्णवर्णीय स्त्रीचं ते नाव. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ही नावं सुचवणारी मुलगी नऊ वर्षांची. तिचा जन्म सायबेरियातला, आधी ती अनाथाश्रमात होती. तो अंधारा, गारठलेला, एकाकी होता, रात्री आकाशातल्या चांदण्या पाहून बरं वाटायचं, असं तिने मोजक्या ओळींत लिहिलं होतं. ऑपॉर्च्युनिटीची मूळ अपेक्षा मंगळावरच्या ९० दिवसांची होती. २००४ ते २०१८ अशी चौदा वर्षं तो चालला. ‘क्युरिऑसिटी’ हे नाव सुचवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला प्रयोगशाळेत बोलावून खुद्द रोव्हरवर सही करू दिली. ती सही आज मंगळावर आहे.

२०२०च्या रोव्हरसाठी २८ हजार निबंध आले. सुमारे ४,७०० स्वयंसेवकांनी ते वाचले. शेवटच्या नऊ नावांवर लोकांची मतं मागवली, सात लाख सत्तर हजार आली, आणि सातवीतल्या एका मुलाचं ‘पर्सिव्हरन्स’ निवडलं गेलं. अलाबामातल्या भारतीय वंशाच्या एका मुलीने ‘इंजेन्युइटी’ सुचवलं होतं. तिचं नाव रोव्हरला मिळालं नाही, पण निबंध इतका नेमका होता की नासाने ते नाव रोव्हरच्या पोटाखालून जाणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरला दिलं. पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या विरळ हवेत उडायचं, तर कल्पकताच लागणार. पाच उड्डाणांची योजना होती, झाली ७२.

आपल्याकडे नावं बहुतेक वेळा संस्थेच्या किंवा सरकारच्या पातळीवर ठरत आली आहेत. त्यातल्या काही निवडी मला मनापासून पटतात. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये उडुपी रामचंद्र राव आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ३६० किलोचा पहिला भारतीय उपग्रह बांधला. इंदिरा गांधींपुढे तीन नावं ठेवली गेली : आर्यभट, मित्र आणि जवाहर. उपग्रह सोव्हिएत अग्निबाणातून जाणार होता, म्हणून ‘मित्र’ राजकीयदृष्ट्या सोयीचं होतं. ‘जवाहर’ तर वडिलांचं नाव. त्यांनी निवडलं आर्यभट, पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगणाऱ्या आणि ग्रहणं सावल्यांमुळे होतात हे मांडणाऱ्या खगोलज्ञाचं नाव. १९ एप्रिल १९७५ रोजी तो उडाला. काही दिवसांतच वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्यावरचे प्रयोग थांबले, तरी नाव घरोघर पोहोचलं. पुढे दोन रुपयांच्या नोटेवर तो उपग्रह छापला गेला.

१ फेब्रुवारी २००३ला ‘कोलंबिया’ शटलच्या अपघातात कल्पना चावला गेल्या. त्यानंतर चारच दिवसांनी, आधीच्या सप्टेंबरपासून कक्षेत असलेल्या ‘मेटसॅट-१’ या हवामान उपग्रहाचं नाव ‘कल्पना-१’ झालं. पहिल्या चांद्रमोहिमेसाठी ‘सोमयान’ हे नाव पुढे आलं होतं, ते बदलून अटलबिहारी वाजपेयींनी ‘चंद्रयान’ केलं. मंगळाच्या मोहिमेचं इस्रोच्या कागदावरचं नाव मात्र ‘मार्स ऑर्बिटर मिशन’ एवढंच होतं. ‘मंगळयान’ हे लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी रूढ केलं, आणि मूळ नाव आज फारसं कोणाला आठवत नाही. लोकांना आपल्या यानाला नाव हवं असतं याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आता शुक्राची मोहीम २०२८मध्ये निघायची आहे आणि तिचं अधिकृत नाव पुन्हा ‘व्हीनस ऑर्बिटर मिशन’ असंच आहे. भारतीय अंतराळ स्थानकाचे पाच भाग व्हायचे आहेत, त्यातल्या पहिल्याला सध्या ‘बीएएस-०१’ म्हणतात. ही नावं शाळांतल्या मुलांकडून निबंधासह मागवावीत, आपापल्या भाषेत, एका पानाच्या मर्यादेत. शुक्रावर ढग कसले आहेत, तिथे इतकं तापमान कशाने झालं, हे वाचल्याशिवाय निबंध लिहिताच येणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी आणि तिच्या बाई मिळून ते वाचतील. निबंध तपासायला विज्ञानाचे निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी हौसेने पुढे येतील. ज्याचं नाव निवडलं जाईल, त्याला किंवा तिला बंगळुरूच्या उपग्रह केंद्रात नेऊन ते यान काचेपलीकडून दाखवावं. वेळेची सबब सांगता येणार नाही. पर्सिव्हरन्सची स्पर्धा ऑगस्ट २०१९मध्ये सुरू झाली, मार्च २०२०मध्ये नाव जाहीर झालं आणि ३० जुलैला रोव्हर उडालाही.