घरपट्टी आकारणी : हरकत व अपील

महानगरपालिकेने ठरवलेले घराचे करयोग्य (भाड्यावर आधारित) किंवा भांडवली (बाजारमूल्यावर आधारित) मूल्य मान्य नसल्यास ते कमी करून घेण्याची वैधानिक पद्धत. तिचे टप्पे दोन : आयुक्तांपुढे हरकत आणि त्यानंतर न्यायालयात अपील. मुंबईस 1888 चा आणि राज्यातील इतर महानगरपालिकांना 1949 चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे.

घरपट्टी हे नाव पेशवेकालीन हिशेबांत आढळते. तथापि आजच्या आकारणीचे मूळ तेथे शोधण्यापेक्षा इंग्लंडच्या 1836 च्या पॅरिश करविषयक कायद्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. ‘वर्षावर्षाच्या कराराने घर वाजवीपणे जितक्या भाड्याने जाईल’ ही कसोटी तेथूनच आली. या भाड्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळते. समजा 600 चौ. फुटांना दरमहा 2 रु. प्रति चौ. फूट दर लावला, तर वार्षिक भाडे 14,400 रु. आणि करयोग्य मूल्य 12,960 रु. होते.

‘वाजवी’ भाडे म्हणजे प्रत्यक्ष मिळणारे की भाडेनियंत्रण कायद्याखालील प्रमाण भाडे (त्या कायद्याने अनुज्ञेय भाडे), हा वाद जुना आहे. पद्मा देबी (1961), गुंटूर (1970) आणि दिवाण दौलत राय कपूर (1979) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाडे ही कमाल मर्यादा मानली. ते कोणी ठरवून घेतलेले नसले, तरी आकारणी अधिकाऱ्याने ते स्वतः काढावे, असे शेवटच्या दोन निकालांवरून दिसते. बेळगाव महापालिकेच्या प्रकरणात (1994) या तत्त्वाच्या व्यवहार्यतेविषयी न्यायालयानेच शंका व्यक्त केली. 2002 मध्ये कोलकात्याच्या प्रकरणात संबंधित अधिनियमाच्या शब्दरचनेवर भर दिला गेला. जेथे अधिनियमाने भाडेनियंत्रण कायदा स्पष्टपणे बाजूस सारलेला नाही, तेथे प्रमाण भाड्याची मर्यादा मानणारे जुने मत अधिक ग्राह्य वाटते. मुंबईत 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आल्याने तेथील वादाचे स्वरूप बदलले. भविष्यात होऊ शकणारे बांधकाम धरून जमिनीचे मूल्य काढू देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये रद्दबातल ठरवले.

आकारणी प्रथमच होत असल्यास किंवा वाढवली असल्यास विशेष नोटीस येते. हरकतीची मुदत त्या नोटिशीतच छापलेली असते, साधारणतः 15 ते 21 दिवसांची. ‘कर फार आहे’ एवढे लिहिलेली हरकत बहुधा फेटाळली जाते. चटईक्षेत्राऐवजी (भिंतींच्या आतील वापराच्या जागेऐवजी) सामाईक जागांचा वाटा धरणारे विक्रीयोग्य क्षेत्र धरले, निवासी वापर बिगरनिवासी दाखवला, बांधकामाचे वर्ष चुकले किंवा एकाच सदनिकेची दोनदा नोंद झाली, असा नेमका दोष मांडावा लागतो. सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, करारनामा आणि त्याच इमारतीतील समान सदनिकांची बिले जोडावीत. आवक क्रमांकाची पोच घेणे अत्यावश्यक आहे, कारण हरकत दिली होती हे अपिलात सिद्ध करावे लागते. आकारणीच्या नोंदीत चालू वर्षात केलेली सुधारणा त्या अधिकृत (आर्थिक) वर्षाच्या आरंभापलीकडे मागे नेता येते का, हा मुद्दा मागील वर्षांच्या थकबाकीची बिले आल्यास अवश्य उपस्थित करावा.

पुण्यात मालक स्वतः राहत असल्यास मिळणारी 40 टक्के सवलत नोंदीअभावी लागली नसेल, तर त्यासाठी अपील लागत नाही. पीटी-3 हा महापालिकेचा सवलतीचा अर्ज आणि स्ववापराचे पुरावे देऊन काम होते.

1949 च्या अधिनियमाच्या कलम 406 खालील अपील पुण्यात लघुवाद न्यायालयात (लहान दाव्यांच्या न्यायालयात), अन्यत्र दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) यांच्याकडे चालते. मुंबईत ते कलम 217 खाली लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जाते. कलम 406 ची मुदत 15 दिवसांची आहे. विवादित कराची रक्कम आधी महापालिकेकडे भरावी लागते. ही अट सर्वोच्च न्यायालयाने अनंत मिल्स प्रकरणात (1975) वैध ठरवली. बरीच अपिले गुणदोषांवर नव्हे, तर मुदत किंवा भरणा चुकल्याने निकाली निघतात. हरकत प्रलंबित आहे म्हणून वसुली थांबत नाही आणि थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. म्हणून बिलाची रक्कम ‘निषेधासह’ असे पत्रात नमूद करून भरण्याची प्रथा आहे.