हातचा न धरता केलेली बेरीज

"सर्व्हरला रेड आहे ना, मग वेगळा बॅकअप कशाला?" दवाखाना असो की पतसंस्था, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, त्यातली एखादी बिघडली तरी मजकूर टिकवायची पद्धत. पण तेवढ्यावर भागतं हा समज चुकीचा आहे. तरी रेडमागची कल्पना इतकी देखणी आहे की आधी तीच सांगतो.

१९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी सुचवलं की, एका महागड्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडा. डिस्क वाढल्या की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. त्यावर उपाय म्हणजे पॅरिटी.

शाळेतली बेरीज आठवा, फक्त हातचा धरायचा नाही. १ आणि १ मिळून ०, १ आणि ० मिळून १. तीन डिस्कवर १०११, ०११० आणि ११०० लिहिलंय असं समजा. उभ्या रकान्यांची अशी बेरीज केली की ०००१ येते. हीच पॅरिटी. ती चौथ्या डिस्कवर ठेवायची. आता दुसरी डिस्क जळाली, तर उरलेल्या तिघींची तशीच बेरीज करा: १०११, ११००, ०००१. उत्तर ०११०, म्हणजे हरवलेला मजकूर जसाच्या तसा! कोणतीही एक डिस्क गेली तरी हेच गणित चालतं. रेडचे क्रमांकाने ओळखले जाणारे प्रकार आहेत. रेड ५ मध्ये पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर आळीपाळीने वाटतात. रेड ६ मध्ये गॅल्वा फील्ड नावाच्या मर्यादित संख्यांच्या गणितातल्या गुणाकाराने दुसरी, स्वतंत्र पॅरिटी काढतात, त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी निभावतं.

एक छोटा बदल लिहायचा तरी जुना मजकूर आणि जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशी चार कामं होतात. मधेच लाइट गेली तर मजकूर नवा आणि पॅरिटी जुनी राहू शकते. म्हणून चांगल्या कंट्रोलरच्या (रेडचं काम सांभाळणाऱ्या कार्डाच्या) कॅशला, म्हणजे तात्पुरत्या मेमरीला, बॅटरी किंवा वीज साठवणारा सुपरकपॅसिटर जोडलेला असतो. बॅटरी म्हातारी झाली की बरेच कंट्रोलर राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग सवडीने डिस्कवर लिहिणं) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबणं) जातात आणि "सर्व्हर अचानक मंदावला" अशी तक्रार येते. व्हायरस शोधण्याआधी बॅटरी तपासा.

खरा धोका गुपचूप वाढतो. अनेक साध्या डिस्कसाठी उत्पादक १०^१४ बिट वाचताना मजकूर वाचताच न येण्याची जास्तीत जास्त एक चूक गृहीत धरतात. हे झाले १२.५ टेराबाइट. ६ टेराबाइटच्या चार डिस्कच्या रेड ५ मध्ये एक डिस्क पुन्हा उभी करायला उरलेल्या तिन्हींवरचे १८ टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क बहुधा या आकड्यापेक्षा चांगल्या वागतात, पण वर्षभर न वाचलेला खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) नेमका त्याच वेळी समोर आला तर? म्हणून कंट्रोलरचं पेट्रोल रीड सुरू ठेवा. ते सवडीने सगळ्या डिस्क वाचतं आणि खराब जागा पॅरिटीवरून दुरुस्त करतं. खंडेनवमीला रॅकला हार घालायला हरकत नाही, पण दारावरच्या लिंबू-मिरचीला खराब सेक्टर सापडत नाही.

आणि बॅकअप? चुकून फाइल पुसली, तर कंट्रोलर पुसल्यानंतरचीही पॅरिटी तितक्याच इमानाने लिहितो. जुनी फाइल त्याच्याकडे उरलेलीच नसते.

डिस्क बदलताना एक सांभाळा. कप्प्यांचे क्रमांक बहुधा ० पासून सुरू होतात, त्यामुळे 'डिस्क २' ही तिसरी असते. एक डिस्क आधीच गेलेली असताना रेड ५ मधली दुसरी, चांगली डिस्क ओढली तर सगळा संच बंद पडतो. कंट्रोलरमधून त्या कप्प्याचा दिवा लुकलुकायला लावा आणि मगच हात घाला.