रीमिक्स की रीमास्टर? ‘जस्टिस’चा बेस आणि आमचा ताशा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत मेटलवाली, म्हणजे जोरकस गिटार-ड्रमांच्या रॉकची वेडी पोरं येतात ती बहुतेक वेळा रेकॉर्डिंगला नाही, भांडायला. पोट भरतं ते भजनी मंडळांवर, अहिराणी गाण्यांवर आणि गणपतीच्या आधी येणाऱ्या ढोलपथकांवर. ही पोरं म्हणजे रविवार दुपारची करमणूक. परवा त्यातल्या एकानं, मेटॅलिका या मेटल बँडचा भक्त तो, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “दादा, फसवलं राव आपल्याला. मेटॅलिकाच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’चा २०१८चा रीमास्टर ऐकला. बेस अजून नाहीच!”

“नसणारच. रीमास्टरमध्ये तो कुठून येईल?”

“मग त्यांनी नेमकं केलं काय?”

त्याचा प्रश्न रास्त होता. (बेस म्हणजे बेस गिटार, बँडमधलं खालच्या सुरांचं वाद्य.) रीमिक्स म्हटलं की आपल्याला जुन्या गाण्याखाली डीजेनं घातलेला ठोका आठवतो, आणि रीमास्टर म्हणजे त्याचाच शिकलेला भाऊ असं वाटतं. मेटलच्या अल्बमांबद्दल चारचौघांत न पटणारी जी मतं ही पोरं छाती पुढे काढून मांडतात, त्यातली बरीचशी याच घोळातून आलेली असतात. शिव्या पडतात गाण्यांना, दोष असतो मिक्सचा. आणि मिक्सचा दोष काढायचं काम मागतात मास्टरिंगवाल्याकडे.

ढोलपथकाचंच घ्या. रेकॉर्डिंगला आठ माइक लावले, तर चार ढोलांवर, दोन ताशांवर, एक टोलावर, म्हणजे धातूच्या थाळीवर, एक झांजांवर. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, प्रत्येकाचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, वेगळी. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे हे ठरवायचं म्हणजे मिक्स. ते ठरलं की आठांचे दोन होतात, डावा आणि उजवा. मास्टरिंग सुरू होतं ते या दोनांवर. एकूण आवाज किती मोठा, उजळ की जाडसर, दोन गाण्यांत किती वेळ सोडायचा, सीडीला किंवा रेकॉर्डला काय मानवेल, एवढंच तिथे हातात असतं. रीमास्टर म्हणजे तेच जुने दोन ट्रॅक घेऊन शेवटचा हात पुन्हा फिरवणं. रीमिक्स म्हणजे मुळातले सगळे ट्रॅक बाहेर काढून मांडामांड नव्यानं करणं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, लग्न नव्हतं त्या सकाळी, एका पथकाचं रेकॉर्डिंग केलं. मिक्स केलं, पेन ड्राइव्हवर दिलं, पैसे मिळाले. दोन महिन्यांनी माझी हार्ड डिस्क गेली. बॅकअप नव्हता, आणि याला दुसरं कोणी जबाबदार नाही. नेमका त्याच आठवड्यात पथकाचा प्रमुख आला. “भाऊ, सगळं झकास आहे, फक्त ताशा कानात टोचतो. मास्टरमध्ये तेवढा खाली घे ना.”

माझ्याकडे उरली होती त्याच्याच पेन ड्राइव्हवरची दोन ट्रॅकांची फाइल. ताशा जिथे टोचत होता तिथली स्वरांची पट्टी मी खाली ओढली. ताशा मऊ झाला, पण बरोबर झांजाही गेल्या, आणि टिपरू ढोलावर पडतानाचा ‘टण्’ गेला. ढोल गोधडी पांघरून वाजवल्यासारखे ऐकू यायला लागले. गोधडी काढावी म्हणून खालचा आवाज वाढवला, तर लॉन्सच्या जनरेटरची घरघर वर आली. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी पुढच्या मोसमात पुन्हा फुकट रेकॉर्डिंग करून दिलं. आता तीन ठिकाणी बॅकअप ठेवतो, त्यातला एक सासुरवाडीला.

‘जस्टिस’चं दुखणं असंच आहे. अल्बम १९८८चा. बँडचा आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा मेटॅलिकाबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यातच त्याचा बेस जवळपास ऐकू येत नाही. ड्रमर लार्स उलरिकनंच बेस खाली घ्यायला लावला, असं मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसननं मुलाखतीत सांगितलेलं आहे. शिवाय न्यूस्टेडचा बेस पुष्कळ ठिकाणी बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डच्या गिटारमागून सुरास सूर जातो, आणि त्या गिटारलाच खाली एवढं वजन आहे की बेसला बसायला जागा उरत नाही. म्हणजे जे झालं ते मिक्समध्ये झालं. त्या दोन ट्रॅकांत मास्टरिंगवाल्यानं खालचा आवाज वाढवला तर बेसच्या आधी किक ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि गिटारचा धपका वर येईल. आमची गोधडीच.

आता माझं चारचौघांत न पटणारं मत. ‘जस्टिस’चा रीमिक्स होऊ नये. न्यूस्टेडवर अन्याय झाला, मान्य. पण ती गाणीच अशी आहेत, कोरडी, हाडं दिसणारी, वैशाखातल्या भेगाळ रानासारखी. त्यातल्या ‘वन’ या गाण्याच्या शेवटी किक ड्रम मशिनगनसारखे सुटतात, ते त्या कोरडेपणामुळे अंगावर येतात. बेस वाढवलेल्या आवृत्त्या चाहत्यांनी घरी बसून केल्या आहेत. मी ऐकल्या, छान आहेत. पण सिंहाला पाटावर बसवून पुरणपोळी वाढल्यासारखं वाटलं. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा एकानं माझ्या चहाचे पैसे द्यायला नकार दिला.

रीमिक्स खरोखर कसा असतो ते मेगाडेथ या दुसऱ्या मेटल बँडच्या ‘रस्ट इन पीस’मध्ये ऐकावं. अल्बम १९९०चा. २००४ मध्ये बँडचा म्होरक्या डेव्ह मस्टेननं आपले जुने अल्बम पुन्हा मिक्स केले. काही गाण्यांतल्या आवाजाचे मूळ ट्रॅक सापडेनात, म्हणून ते त्यानं नव्यानं गाऊन बसवले. चाहते या आवृत्तीवर अजून दात खाऊन आहेत. मला ती आवडते, आणि त्यामागे तत्त्व वगैरे काही नाही. मी आधी तीच ऐकली होती, एवढंच. मूळ आवृत्ती नंतर हाती आली आणि तीच मला परकी वाटली. कानाला पहिलं लागलेलं खरं वाटतं, आईच्या हातच्या आमटीसारखं.

रीमिक्सनं अल्बमचं नशीब सुधारू शकतं याला ब्लॅक सॅबथ या जुन्या बँडचा ‘फॉरबिडन’ साक्ष आहे. १९९५चा हा अल्बम सॅबथचे चाहतेही नाक मुरडून बाजूला ठेवायचे. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीनं तो पुन्हा मिक्स केला, आणि २०२४ मध्ये गायक टोनी मार्टिनच्या काळातल्या अल्बमांच्या संचात तो आला. गिटार आता सॅबथची वाटते. नुसत्या रीमास्टरनं हे झालं नसतं.

उलट फसगत होते ती मेटॅलिकाच्याच ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये. २००८चा अल्बम, निर्माता रिक रूबिन. ‘जस्टिस’ कॉम्प्युटरवर उघडला तर आवाजाची रेघ अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या रांगेसारखी दिसते, शिखर, खिंड, परत शिखर. ‘डेथ मॅग्नेटिक’ उघडला तर गंगापूर धरणाची भिंत. वरून सपाट. डिजिटल आवाजाला एक छत असतं; त्यावर डोकं गेलं की ते कापलं जातं आणि चरचर ऐकू येते. लोकांनी सह्यांची मोहीम काढली ती मास्टरिंगवर राग काढत. पण मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननं सांगितलं की मिक्स त्याच्याकडे आलं तेच ठेचून आलं होतं. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या गेममध्ये मोकळी वाजत होती, कारण गेमला वाद्यांचे वेगळे ट्रॅक लागतात आणि ते शेवटच्या दाबादाबीच्या आधीचे होते. तेव्हा ‘डेथ मॅग्नेटिक भिकार आहे’ म्हणणाऱ्यांनी आधी तो गेमवाला ऐकावा. गाणी चांगली आहेत.

मेटॅलिकाच्याच ‘सेंट अँगर’ला मात्र यातलं काहीच लागू नाही. २००३च्या त्या अल्बमात लार्सनं स्नेअर ड्रमखालच्या तारा सोडून वाजवलं. ते वाजलंच तसं, त्याला फेडर काय करणार? पोरं त्याला पत्र्याचा डबा म्हणतात. टोल ऐकत वाढलेल्या नाशिककरानं त्या आवाजाला नाव ठेवावं हे मला कळत नाही.

कानानं ओळखायचं तर सोपं आहे. सगळंच एकदम उजळ किंवा मोठं झालं असेल तर रीमास्टर. एखादं वाद्य बाकीच्यांना सोडून पुढे आलं, कधी न ऐकलेला सूर मधूनच निघाला, किंवा शेवट वेगळ्या जागी विरला, तर रीमिक्स. ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण मोठं वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं आणि रीमास्टरवाल्यांचा बराच धंदा त्यावर चालतो. स्पॉटिफाय गाणी −१४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं, त्यामुळे तिथे ही लबाडी तितकीशी चालत नाही. आणि कव्हरवर ‘रीमास्टर्ड’ एवढंच छापलं असलं तरी मागचं बारीक अक्षर वाचा.

का, ते त्याच रविवारी कळलं. पोरानं पिशवीतून सॅबथचा जुना गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ची सीडी काढली. जुन्या सामानातून घेतलेली. अल्बम १९८०चा, पण ही छपाई २००२ची. मी लावली आणि दुसऱ्याच मिनिटाला थांबवली. माझ्या कॅसेटवरचा बेस हा नव्हे. बरोबर होतं. २००२ मध्ये त्यांनी बॉब डेझलीचा बेस आणि ली कर्सलेकचे ड्रम काढून टाकले आणि रॉबर्ट ट्रुहिलो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून नव्यानं वाजवून घेतले. हा रीमिक्सच्याही पलीकडचा प्रकार. चाहते भडकले, आणि २०११च्या आवृत्तीत मूळचे परत आले.

पोरगा सीडी उलटसुलट करत राहिला. “ट्रुहिलो म्हणजे नंतर मेटॅलिकात गेला तोच ना?”

“तोच. २००३ मध्ये.”

“म्हणजे दादा, न्यूस्टेडनं वाजवलेला बेस मेटॅलिकाच्या अल्बमात ऐकू येत नाही, आणि यानं न वाजवलेल्या अल्बमात याचा बेस ऐकू येतो?”

त्यानं स्वतःच उठून प्ले दाबलं, आणि बेस जरा वाढवला.