सिकलसेलच्या पोराला लकवा होत नाही म्हणे?

विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची घरं भरपूर, आणि तिथं एक समज पक्का बसलाय की सिकलसेल म्हणजे हातपाय दुखणं नि रक्त कमी, लकवा काय तो म्हाताऱ्यांना नाहीतर बीपीवाल्यांना. साफ चुकीचं. लहान मुलांना होणाऱ्या स्ट्रोकचं, म्हणजे लकव्याच्या झटक्याचं, सिकलसेल हे एक मोठं कारण आहे, आणि धोका जास्त कधी, तर साधारण 2 ते 9 वर्षांत! हे एसएसवाल्यांचं, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेल्यांचं बोलतोय, एएसवाल्यांनी, म्हणजे एकाकडूनच आलेल्या नुसत्या वाहकांनी उगाच घाबरू नका.

होतं असं की सिकलसेलमधल्या विळ्यासारख्या लाल रक्तपेशी मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतात, नळी अरुंद होते, मग रक्त जोरात धावायला लागतं. हा वेग टीसीडी नावाच्या डोक्याच्या सोनोग्राफीत कळतो, सुई नाही काही नाही. सेकंदाला 200 सेंटीमीटर किंवा जास्त आला की धोका मोठा. 1998 मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या स्टॉप नावाच्या अभ्यासात अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर पहिला स्ट्रोक 90 टक्क्यांहून जास्त कमी झाला. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषधही कामाचं आहे, पण गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि काही झटके तर दिसतच नाहीत, पोरगं फक्त अभ्यासात मागे पडतं आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडं बोलणं दिसलं तर मालिश, उतारा नंतर, आधी मोठं हॉस्पिटल.