भात राहिला, आकडे गेले : चामोरो भाषेची पार्श्वभूमी

शेतात उभा असतो तो भात, पोत्यात भरले की तांदूळ, ताटात वाढला की पुन्हा भात. हा फरक मराठी मुलाला कुणी शिकवत नाही. प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावरच्या चामोरो लोकांचंही असंच आहे. शेतातलं पीक ‘फाइ’, तूस काढलेले दाणे ‘पुगास’, शिजलेला भात ‘हिनेक्सा’. मलाय भाषेत पिकाला ‘पादी’ म्हणतात आणि तांदळाला ‘ब्रास’. मलायचा ‘प’ चामोरोत ‘फ’ होतो, ‘ब’ चा ‘प’ होतो आणि ‘र’ च्या जागी ‘ग’ येतो, हे लक्षात घेतलं की फाइ आणि पुगास ही त्याच शब्दांची भावंडं आहेत हे कळतं.

गुआम हे मारियाना बेटांपैकी सर्वांत मोठं बेट. फिलिपिन्सपासून ते दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे, मध्ये सगळं खुलं पाणी. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक होड्यांतून इथे पोचले. त्यांची भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातली, म्हणजे मलाय, तागालोग, मालागासी, हवाईयन यांच्या नात्यातली. पण हवाईयन किंवा माओरी ज्या ओशनिक शाखेत येतात, त्या शाखेत चामोरो बसत नाही. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. युरोपीय लोक येण्याआधी प्रशांत महासागरातल्या या दूरच्या बेटांपैकी भाताची शेती होती ती फक्त मारियानात.

१५२१ मध्ये मॅगेलनची जहाजं इथे थांबली. १५६५ मध्ये स्पेनने बेटांवर हक्क सांगितला, पण घराघरापर्यंत सत्ता पोचली ती १६६८ नंतर, जेव्हा दिएगो लुइस दे सान वितोरेस हे जेसुइट धर्मगुरू मिशन घेऊन आले. या भाषेचं पहिलं व्याकरण त्यांनीच लॅटिनमध्ये लिहिलं. १६७२ मध्ये तुमोन इथे त्यांची हत्या झाली. पुढची अनेक वर्षं लढाया, रोगराई आणि सक्तीचं स्थलांतर यांत गेली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चामोरो लोक जेमतेम काही हजार उरले होते.

या उलथापालथीत भाषेचं काय झालं, ते रोजच्या शब्दांत दिसतं. पाणी ‘हानोम’, घर ‘गुमा’, समुद्र ‘तासी’, नारळ ‘नियोक’ : हे सगळे शब्द जुनेच राहिले. किल्ली मात्र ‘याबी’ झाली, साबण ‘हाबोन’ झाला, पाव ‘पान’ झाला. आपली चावी आणि आपला पाव पोर्तुगीजांकडून आले, त्यांचे स्पॅनिशमधून. मूळ लॅटिन शब्द तेच.

आकड्यांचं नुकसान सर्वांत मोठं. हाचा, हुग्वा, तुलु, फतफत, लिमा ही जुनी मोजणी होती. यातला पाचासाठीचा ‘लिमा’ मलायमध्येही ‘लिमा’च आहे. बाजार, चर्चचं पंचांग, घड्याळ, पैसा हे सगळं स्पॅनिश होत गेलं आणि माणसं ‘उनु, दोस, त्रेस’ मोजू लागली. ‘पासष्ट’ ऐकून ‘म्हणजे सिक्स्टी फाइव्ह ना?’ असं विचारणारी मुलं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही.

एवढी उसनवारी पाहून काहींनी या भाषेला स्पॅनिशची मोडकी बोली ठरवलं. हे साफ चूक आहे. ‘हानाओ’ म्हणजे जाणं. त्याच्या पोटात ‘उम’ घातलं की ‘हुमानाओ’, म्हणजे गेला. गोष्टी या अर्थाचा स्पॅनिश ‘कुएन्तोस’ इथे आला, त्याच्याही पोटात तेच ‘उम’ शिरलं आणि ‘कुमुएन्तोस’ हे बोलण्याचं क्रियापद तयार झालं. शब्द परका, त्याला चालवणारं व्याकरण मात्र घरचंच. आभार मानताना म्हणतात ‘सि युऊस मा-आसि’. त्यातला ‘युऊस’ स्पॅनिश देव, ‘मा-आसि’ ही दया चामोरो. लहानांनी मोठ्यांच्या उजव्या हाताला नाक टेकवण्याची ‘मान्गिंगी’ ही जुनी रीतही टिकली, पण नमस्कार घेणारा पुरुष असेल तर तोंडी येतं ‘न्योत’ आणि बाई असेल तर ‘न्योरा’. म्हणजेच सेन्योर आणि सेन्योरा.

खरा घाव पुढे बसला. १८९८ मध्ये गुआम अमेरिकेकडे गेलं आणि बेटाचा कारभार नौदलाच्या हाती आला. १९१७ मध्ये सरकारी कामकाजात चामोरो बोलण्यावर बंदी आली, १९२२ मध्ये शाळेत आणि मैदानावरही, आणि कोश गोळा करून जाळले गेले. स्पॅनिश काळात भाषेने शब्द घेतले होते. इथे तिचे बोलणारेच तुटू लागले, कारण मार खाल्लेल्या पिढीने आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलायचं ठरवलं. त्या आईबापांना दोष देणं मला जमत नाही.

१९७४ मध्ये चामोरोला इंग्रजीबरोबर राजभाषेचा दर्जा मिळाला आणि १९७७ च्या कायद्याने ती सरकारी शाळांत आली. २०१० च्या जनगणनेत गुआमच्या सुमारे १ लाख ५९ हजार रहिवाशांपैकी साधारण २६ हजार जण ती घरी बोलत होते. शाळांत आता जुने आकडेही शिकवतात. आजी ‘उनु, दोस, त्रेस’ मोजते आणि शाळेतून आलेलं नातवंड ‘हाचा, हुग्वा, तुलु’.