क्रोनोग्राफ मनगटी घड्याळांचा संग्रह

क्रोनोग्राफ मनगटी घड्याळांचा संग्रह : नेहमीची वेळ चालू असतानाच हवा तेव्हा सुरू करता, थांबवता व शून्यावर आणता येणारा स्वतंत्र सेकंदकाटा ज्या घड्याळात असतो ते क्रोनोग्राफ. संग्राहकांचा भर साधारणतः १९३० ते १९८० या काळातील यांत्रिक घड्याळांवर असतो.

उगम : या यंत्राचा आद्य निर्माता कोण, यावर एकमत नाही. दीर्घकाळ हा मान निकोलस र्‍यूसेक या फ्रेंच घड्याळजीला दिला जात असे. १८२१ मध्ये पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावरील घोड्यांच्या शर्यतीत त्याने आपले यंत्र वापरले. फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकून ते वेळेची नोंद करी. ‘क्रोनोग्राफ’ म्हणजे ‘काळ लिहिणारे’, हे नाव त्यालाच शब्दशः लागू पडते. मात्र लुई म्वाने या फ्रेंच घड्याळजीने १८१६ मध्ये पूर्ण केलेले एक कालमापक २०१३ मध्ये अभ्यासकांसमोर आले. त्याचा तोल (घड्याळाची लय ठरवणारे मागेपुढे झुलणारे चक्र) तासाला २,१६,००० कंपने करतो आणि सेकंदाचा साठावा भाग मोजतो. ते लिहीत नाही, पण थांबते व शून्यावर येते. म्हणजे आजच्या क्रोनोग्राफचे काम तेच करते. त्यामुळे नाव र्‍यूसेकचे व कल्पना म्वानेची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. काटा एका दाबात शून्यावर आणणारा हृदयाकृती कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारी आकाराची चकती) मात्र आडोल्फ निकोल या घड्याळजीच्या १८४४ च्या पेटंटाशी जोडला जातो.

मनगटी रूपात लाँजीन या स्विस कंपनीचे १३.३३झेड हे १९१३ चे यंत्र प्रसिद्ध आहे. शून्यावर आणण्याचे दुसरे बटण ब्राइटलिंगने १९३४ मध्ये आणले. एकाच बटणाच्या घड्याळात थांबलेली मोजणी तेथूनच पुढे सुरू करता येत नसे. पहिले स्वयंचलित (मनगटाच्या हालचालीने चावी भरणारे) क्रोनोग्राफ कोणाचे, हाही वाद आहे; तिन्ही दावे १९६९ चे : झेनिथची घोषणा जानेवारीतील, ब्राइटलिंग व ह्यूअर यांच्या गटाची मार्चमधील, तर सीको ६१३९ मे महिन्यात जपानच्या दुकानांत आले. घोषणेऐवजी विक्री हा निकष धरल्यास सीकोची बाजू बळकट ठरते.

यंत्ररचना : व्हाल्जू ७२, व्हीनस १७५ व लेमानिया २३१० या यंत्रांत कॉलम व्हील (बटणाच्या दाबाचे नियंत्रण करणारे खांबांचे चाक) असते, बटणाचा दाब हलका व एकसारखा लागतो. लँडेरॉन ४८ मध्ये त्याऐवजी स्वस्त कॅम आहे. या यंत्रात वरचे बटण केवळ सुरू करते. खालच्याच्या पहिल्या दाबाने काटा थांबतो व दुसऱ्याने शून्यावर येतो. हे ठाऊक नसल्याने चांगले घड्याळ ‘बिघडलेले’ म्हणून विकले जाते.

मराठवाड्यातील स्थिती : परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध असताना आखाती देशांतून आलेली सीको व सिटिझन हीच येथे बहुधा अधिक आढळतात, स्विस नमुने विरळ. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथे समोर येणाऱ्या घड्याळाची तबकडी आधी पुन्हा रंगवलेलीच समजावी आणि नंतर तपासावी. संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंगातून अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, छोट्या तबकड्यांमधील बारीक वर्तुळाकार रेघा रंगाने बुजलेल्या असतात, सहाच्या आकड्याखालचा ‘स्विस’ शिक्का गायब असतो. आणखी एक हमखास कसोटी : तबकडीवर ३० मिनिटांची मोजणी छापलेली व आतले यंत्र ४५ मिनिटांचे. म्हणून सौद्यापूर्वी क्रोनोग्राफ तासभर चालवून त्याचा मिनिटे मोजणारा छोटा काटा दुसऱ्या घड्याळाशी ताडावा.

काटे व आकडे अंधारात चमकावेत म्हणून लावलेला रेडियमचा लेप काळवंडलेला किंवा विझलेला असला तरी किरणोत्सर्गी असतोच. विझतो तो लेपातील प्रकाश देणारा झिंक सल्फाइड, रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. काच उघडून तो खरवडू नये, धूळ श्वासात जाते. ‘टी स्विस टी’ हा शिक्का ट्रिटियमचा; त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. जुन्या तबकडीवर नवा चमकदार लेप लावल्यास किंमत घसरते.

चाचणी व दुरुस्ती : पूर्ण चावी देऊन तबकडी वर ठेवल्यास तोलाचा झोका सुमारे २७० ते ३०० अंश भरावा. क्रोनोग्राफ सुरू करताच तो २०-३० अंशांनी कमी होणे क्षम्य. त्याहून बराच कमी झाल्यास वाळलेले तेल किंवा क्लचची (क्रोनोग्राफ मुख्य यंत्राला जोडणाऱ्या भागाची) चाके गरजेपेक्षा खोल भिडणे हे कारण असते. सुरुवातीला काटा उडी मारत असल्यास हीच भिडण बिघडलेली असते, ती उत्केंद्री (केंद्र बाजूला असलेल्या) स्क्रूने जुळवतात. चालताना काटा थरथरत असल्यास क्रोनोग्राफ चाकाखालील घर्षण-कमान सैल किंवा हरवलेली समजावी. सर्वांत मोठे नुकसान सरसकट तेल घालण्याने होते : क्लचच्या दातांना तेल लागता कामा नये, धूळ चिकटून ते जाम होतात. काळ्या मातीच्या या प्रदेशात उन्हाळ्यात ही धूळ कोठेही शिरते, त्यामुळे बटणांची रबरी गॅस्केट प्रत्येक सर्व्हिसिंगला बदलावी. घड्याळाचे बाह्य कवच (केस) पॉलिश करण्याची कारागिरांची सवय आवर्जून थांबवावी लागते. कडा गोलावल्या की परत येत नाहीत.

साठवण : बंद डब्यात सिलिका जेल ठेवून, लाउडस्पीकर व चुंबकी कुलपांपासून दूर. जेल पावसाळ्यात अधूनमधून तापवून कोरडे करावे. दिवसाला अचानक काही मिनिटे पुढे जाणारे घड्याळ बहुधा चुंबकित झालेले असते. ते उघडण्याआधी विचुंबकित करून पाहावे.