मानवी तस्करीतील बालपीडितांच्या सेवांसाठी सार्वजनिक निधी

तस्करीतून सोडवलेल्या १८ वर्षांखालील मुलांचा निवारा, औषधोपचार, समुपदेशन, शिक्षण आणि कायदेशीर मदत यांसाठी शासनाने केलेली आर्थिक तरतूद.

या तरतुदीचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक संयुक्त राष्ट्रांच्या १९४९ च्या तस्करीविरोधी करारापासून सुरुवात करतात. त्याच्या सोळाव्या अनुच्छेदात पुनर्वसन आहे, पण ते वेश्याव्यवसायातील पीडितांपुरतेच. काही जण न्यूझीलंडच्या १९६३ च्या गुन्हेपीडित भरपाई कायद्याकडे बोट दाखवतात. भरपाई म्हणजे सेवा नव्हे. एकरकमी पैसे मिळाले तरी मुलाला निवारागृह आणि समुपदेशक लागतातच. म्हणून २००० चा पालेर्मो प्रोटोकॉल, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविरोधी करार, हा आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. बालकाच्या बाबतीत बळजबरी वा फसवणूक सिद्ध करण्याची अट त्यात नाही आणि मुलांच्या निवारा, शिक्षण व देखभालीच्या गरजांची त्याने स्वतंत्र दखल घेतली. सेवांविषयीची त्याची भाषा मात्र ‘विचार करावा’ इतकीच सौम्य आहे. मदत पीडिताच्या साक्ष देण्याच्या तयारीवर अवलंबून नसावी, हे बंधन युरोप परिषदेच्या २००५ च्या करारात आले.

निधीचा स्रोत हा खरा वादाचा मुद्दा. अमेरिकेचा १९८४ चा गुन्हेपीडित निधी मुख्यतः संघीय खटल्यांतील दंडातून भरतो, करातून नव्हे. २०१५ च्या कायद्याने तस्करी व तत्सम गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांवर ५,००० डॉलरची जादा आकारणी लावली. निर्धन दोषींना तिच्यातून वगळले. गर्भपातावर सरकारी पैसा खर्च करण्यावरील बंदी या आकारणीच्या पैशालाही लावावी का, यावर सिनेटमध्ये विधेयक आठवडेच्या आठवडे अडले. अखेर दंडाची रक्कम आरोग्येतर सेवांसाठी आणि आरोग्यसेवा करांच्या पैशातून, अशी विभागणी झाली. गुन्हेगाराने किंमत मोजावी हे तत्त्व न्याय्यच. पण वसुली घटली की निवारागृहाचे अनुदान आटते आणि त्याची झळ थेट मुलांना बसते. नियमित अर्थसंकल्पीय तरतूदच अधिक भरवशाची, याकडे जाणकारांचा कल दिसतो.

भारतात मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेचा खर्च केंद्र व बहुतेक राज्ये ६०:४० प्रमाणात उचलतात. ईशान्य व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९०:१० आहे. वेठबिगार पुनर्वसन योजनेने २०१६ मध्ये तस्करीसारख्या टोकाच्या शोषणातून सुटलेल्या बालकांसाठी ३ लाख रुपये ठरवले, पण ही मदत आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडली. खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, आणि मुलाची गरज तर सुटकेच्या दिवसापासूनची असते. ही जोडणी योजनेतील सर्वांत मोठी उणीव होय.

संयुक्त राष्ट्रांचा २०१० मध्ये स्थापन झालेला तस्करीपीडितांसाठीचा विश्वस्त निधी ऐच्छिक देणग्यांवर चालतो व स्वयंसेवी संस्थांमार्फत मदत पोहोचवतो.

वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की बहुतेक तरतुदी संपतात. भारतीय कायद्यात बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी २१ वर्षांपर्यंत अनुरक्षण सेवेची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे.